एक वापरलेला आठवडा

कवळीवाल्यांना माणूस भेटला की आधी त्याचे दात दिसत, मग बाकीचा माणूस. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. दातांच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागे दोन खोल्यांत बसून एकतीस वर्षं ते कवळ्या करत होते. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन आत पाठवत. कवळीवाले त्यात प्लास्टर ओतत, गुलाबी मेणात एकेक दात बसवत आणि ज्याचं तोंडही कधी पाहिलं नाही अशा माणसाची हसायची सोय करून देत. खोलीत दिवसभर गरम मेणाचा वास, केसांवर पांढरी भुकटी. रजा हा शब्द त्यांनी ऐकला होता, एवढंच. एखादी कवळी अर्धवट टाकून आपण कुठे गेलो, तर तेवढे दिवस कुणीतरी नुसतं पातळ खाऊन काढणार, या विचारानं त्यांचा पायच निघत नसे.

त्यांच्या पत्नी मोठ्या रुग्णालयात नर्स. सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणे. छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर त्या निवृत्त झाल्या, निरोपाचा समारंभ झाला, आणि घरी आल्यावर हातातली फुलं बेसिनमध्ये पाण्यात ठेवून त्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या.

"अहो, मला एक गोष्ट हवीय."

कवळीवाले चपलेचा बंद दुरुस्त करत होते. "बोल की."

"एक आठवडा अशा पलंगावर झोपायचंय, ज्याची चादर मी घातलेली नाही. सकाळी उठायचं आणि मागे वळून बघायचंसुद्धा नाही. आणि खिडकीतून पाणी दिसलं पाहिजे. नदी, तळं, समुद्र, काहीही चालेल. नळाचं सोडून."

कवळीवाल्यांचा हात थांबला. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि बाईनं मागून मागून मागितलं तर हे. त्यांना एकदम कानकोंडं झालं.

"नेतो," ते म्हणाले. "या वर्षी नेतोच. आणि एकदाच नाही, दरवर्षी."

हे 'दरवर्षी' त्यांच्या तोंडून कसं निघालं ते त्यांनाही कळलं नाही. पण एकदा निघालं ते निघालं.

चारच दिवसांनी फोन आला. एका मोठ्या हॉटेलात कार्यक्रम आहे, पती-पत्नीनं मिळून यायचं, फक्त दीड तास द्यायचा, जाताना चाकांची बॅग भेट. विषय सुट्टीचा. कवळीवाल्यांना वाटलं, आपलं बोलणं कुणीतरी वरून ऐकलंय.

हॉटेलच्या दुसऱ्या मजल्यावर एक दालन होतं. गोल टेबलं, प्रत्येक टेबलाशी एक जोडपं आणि एक समजावणारं माणूस. भिंतीवर तळ्याचं चित्र हलत होतं, त्यात एक होडी सारखी डावीकडून उजवीकडे जात होती. कोपऱ्यात पितळी घंटा होती. कुणी सही केली की ती वाजे आणि सगळे टाळ्या वाजवत. घंटा वाजली की सिस्टर खुर्चीतून अर्ध्या उठत, मग आठवून पुन्हा बसत. वॉर्डातली सवय.

त्यांच्या टेबलावरची मुलगी चुणचुणीत होती. पुढच्या दोन दातांत बारीकशी फट. कवळीवाल्यांना ती आवडली. फट असलेली माणसं त्यांच्या मते मनात काही ठेवत नाहीत.

"काका, काकू, साधी गोष्ट आहे," ती म्हणाली. "अख्खं घर घ्यायचं तर केवढं ओझं. तुम्ही फक्त एक आठवडा घ्यायचा. तळ्याकाठी खोली, दरवर्षी सात दिवस तुमची, पंचवीस वर्षं. कंटाळा आला तर तोच आठवडा बदलून आमच्या दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी. डोंगर, समुद्र, जंगल, म्हणाल तिथं."

"चादर कोण घालतं?" सिस्टरांनी विचारलं.

मुलगी क्षणभर गोंधळली. "आमची माणसं, काकू. रोज."

सिस्टरांनी समाधानानं मान हलवली. मग मुलीनं एका कागदावर आकडा लिहून कागद अलगद सरकवला. आकडा सिस्टरांच्या दोन वर्षांच्या पेन्शनएवढा होता.

"आणि दरवर्षीचं?" सिस्टर म्हणाल्या. "खोलीला रंग लागेल, नळ गळतील. ते कोण बघतं?"

"त्याचं देखभाल शुल्क असतं, थोडंसं."

"आम्ही एखाद्या वर्षी आलोच नाही तर?"

"तरी भरावं लागतं," मुलगी जरा खालच्या आवाजात म्हणाली.

"आणि ते वाढतं?"

"थोडंसं," मुलगी म्हणाली, आणि साहेबांना बोलावायला उठली.

साहेब आले. उंची सूट, दात इतके एकसारखे की कवळीवाल्यांना ते कुठल्या प्रयोगशाळेतले ते ओळखावंसं वाटायला लागलं. साहेबांनी आकडा खोडला, एक तृतीयांश कमी केला आणि खाली रेघ ओढली. हा भाव फक्त आजचा, या टेबलावरून उठेपर्यंतचा.

शहाण्या माणसानं इथं सावध व्हावं. कवळीवाले सावध झाले नाहीत, हळवे झाले. भिंतीवर होडी चालली होती, शेजारी चौतीस वर्षांच्या संसारातली बायको बसली होती, आणि एक सही केली की सगळी भरपाई होणार होती. त्यांनी पेन उचललं.

सिस्टरांनी त्यांच्या मनगटावर दोन बोटं ठेवली, नाडी बघावी तशी.

"अहो, ऑपरेशनच्या आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतात," त्या म्हणाल्या. "आणि जो डॉक्टर म्हणतो आत्ताच्या आत्ता कापू या, त्याच्याकडे तर दोनदा बघतात." मग मुलीकडे वळून, "तू चांगलं समजावलंस गं. आमची बॅग कुठं मिळेल?"

बॅग मिळाली. तिची चेन पहिल्याच दिवशी अडकली ती कायमची.

त्या दोघांना एक लेक होती, मालमत्तेच्या दस्तनोंदणी कार्यालयात कारकून. दिवसभर दुसऱ्यांची घरं कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर जातात ते ती बघत असे, त्यामुळे तिला कुठल्याच कागदाचं अप्रूप नव्हतं. रविवारी ती आली, तिनं माहितीपत्रक उलटसुलट वाचलं आणि म्हणाली, "बाबा, हे नवं कशाला घेताय? हेच आठवडे लोक विकायला काढून बसलेत. पाव किमतीत मिळतात."

"पाव?" सिस्टर म्हणाल्या.

"कधी कधी त्याहूनही कमी. पण त्यात खाचाखोचा आहेत. नाव बदलायला कंपनीची परवानगी लागते, त्याचे पैसे वेगळे. विकणाऱ्यानं मागचं शुल्क थकवलेलं असेल तर ते आपल्या गळ्यात. आणि असा आठवडा घेतला की ती अदलाबदल मिळत नाही. तळं म्हणजे तळंच. डोंगर नाही, समुद्र नाही."

"मग एवढी यातायात करण्यापेक्षा दरवर्षी भाड्यानं खोली घेतली तर?" सिस्टरांनी विचारलं, आणि नवऱ्याकडे एकदा बघून स्वतःच उत्तर दिलं, "नको. भाड्याचं म्हटलं की या वर्षी कामं आहेत, पुढच्या वर्षी बघू. पैसे आधी भरलेले असले तरच हा माणूस उठेल."

कवळीवाल्यांनी यावर वाद घातला नाही, कारण ते खरं होतं. पण त्यांचं दुखणं वेगळंच होतं.

"मी म्हणतो, नवंच घेऊ," ते म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा काही घेऊन देतोय तुला, तेही कुणाचं वापरलेलं? दुसऱ्याची कवळी कुणी लावतं का?"

"कवळी नाही हो ही. पलंग आहे," सिस्टर म्हणाल्या. "छत्तीस वर्षं मी एकाच कॉटवर एकामागून एक माणसं बरी होऊन जाताना बघितली. कॉट वापरलेली म्हणून कुणी बरं व्हायचं राहिलं नाही."

लेक हसली. कवळीवाले हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी जाहिराती बघायला बसले. नवं घेणं बरं की कुणाकडून घेणं बरं, पुढचे दहा दिवस घरात जेवताना, दिवे मालवताना, भाजी निवडताना हेच. सिस्टर म्हणत, कंपनीकडून घेतलं तर निदान पाठीशी कुणी आहे. मग कवळीवाले बाजू बदलून म्हणत, पाठीशी आहे ते दरवर्षी शुल्क मागायला. एक दिवस दोघांच्या लक्षात आलं की आपण मतं अदलाबदल करून भांडतोय.

शेवटी एक जाहिरात दोघांना पटली, कारण ती सगळ्यांत लहान होती. 'तळ्याकाठचा एक आठवडा विकणे आहे. दोष समक्ष सांगेन.'

विकणारे गृहस्थ बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेले. तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहत. घर असं चकचकीत की पाय कुठं ठेवावा हा प्रश्न. खिडकीशी एकच खुर्ची होती. पाहुणे दोन आलेले बघून ते शेजारून दुसरी खुर्ची आणि एक स्टूल मागून घेऊन आले आणि स्वतः स्टुलावर बसले.

"आधी दोष सांगतो," क्रेनवाले म्हणाले, आणि त्यांच्या तोंडात टक असा आवाज झाला. "खिडकीतून तळं दिसतं, पण डावीकडे वाकावं लागतं. मधलं झाड मोठं झालंय." टक. "आठवडा ठरलेला आहे, गर्दीचा मोसम संपल्यावरचा पहिला. पाणी गार असतं." टक. "शुल्क नऊ वर्षांत दुप्पट झालं. मी एकदाही थकवलेलं नाही, या पावत्या."

सिस्टर पावत्या बघत होत्या. कवळीवाल्यांचं चित्त पावत्यांत नव्हतंच. खालची कवळी बोलताना उचलली जात होती. हिरडी झिजली होती आणि कवळी तीच राहिली होती, उघड होतं.

"मग विकताय कशाला?" सिस्टरांनी विचारलं.

क्रेनवाल्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले. "ताई, मी तेहतीस वर्षं जमिनीपासून चाळीस मीटर उंच एका काचेच्या डब्यात एकटा बसून काढली. खाली जहाजं, वर ढग. मला गर्दीची सवय नाही. निवृत्तीच्या पैशातून हा आठवडा घेतला, म्हटलं शांत बसू. पहिल्या वर्षी बसलो. दुसऱ्या वर्षी माझी मोठी बहीण आली, आक्का. नवऱ्याला घेऊन. तिसऱ्या वर्षी तिचा मुलगा, सून. मग सुनेची आई. मग जुळी झाली." टक. "गेल्या वर्षी मी गॅलरीत झोपलो."

"नको म्हणायचं," सिस्टर म्हणाल्या.

"आक्काला?" क्रेनवाले असे म्हणाले की जणू कुणी त्यांना जहाज हातानं उचलायला सांगितलं होतं.

इथं व्यवहाराचं बोलणं व्हायला हवं होतं. पण कवळीवाल्यांना राहवेना. "माफ करा," ते पुढे झुकून म्हणाले, "खालची जरा काढून दाखवता?"

क्रेनवाल्यांनी एकदा सिस्टरांकडे बघितलं, सिस्टरांनी मान हलवली, आणि त्यांनी खालची कवळी काढून रुमालावर ठेवली. कवळीवाल्यांनी ती उजेडात धरली. काम चांगलं होतं, जुनं होतं. आतून नवं अस्तर लावलं की झालं. डॉक्टरांकडे एकदा येऊन माप द्या, दोन दिवसांत करतो, ते म्हणाले. पैशांची गोष्ट काढल्यावर त्यांनी हातानंच उडवून लावली.

ही दोन दिवसांची ओळख क्रेनवाल्यांना फार मोलाची वाटली असावी. नव्या अस्तराची कवळी लावून त्यांनी 'काकडी', 'कडकड', 'खटखट' असे शब्द म्हणून बघितले, कुठंच टक झालं नाही, आणि ते म्हणाले, "घ्यायचं की नाही ते नंतर ठरवा. माझा आठवडा पुढच्या महिन्यात आहे. माझ्या जागी तुम्ही जा. पाहुणे म्हणून पत्र देतो. या वर्षीचं शुल्क तेवढं तुम्ही भरा. राहून बघा, मग बोलू."

अशा रीतीनं एकतीस वर्षांत पहिल्यांदा कवळीवाल्यांनी दाराला 'आठ दिवस बंद' अशी पाटी लावली. तीन अर्धवट कवळ्या आदल्या दिवशी रात्री बसून पुऱ्या केल्या, आणि तरीही बसमध्ये ते दोनदा म्हणाले की चौथी एक राहिलीच.

खोली जाहिरातीतल्यासारखी नव्हती आणि वाईटही नव्हती. पलंग रुंद, चादर पांढरी, आणि डावीकडे वाकलं की खरोखर तळं. पहिल्या सकाळी कवळीवाले तोंड धुऊन बाहेर येतात तो सिस्टर पलंगाची चादर उपसून कोपरे पुन्हा घालताहेत. चोरी पकडल्यासारख्या त्या उभ्या राहिल्या.

"कोपरे सैल होते हो," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मात्र त्या उठल्या, चप्पल घातली आणि मागे न बघता थेट गॅलरीत जाऊन बसल्या. हातात कप, पाय कठड्यावर. कवळीवाल्यांनी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. चौतीस वर्षांत त्यांनी बायकोला एकतर उभी पाहिली होती नाहीतर झोपलेली.

शेजारच्या गॅलरीत एक निवृत्त विमा एजंट होता. त्यानं आपल्या खोलीचा हाच आठवडा आठ वर्षांपूर्वी कंपनीकडून पुऱ्या किमतीला घेतला होता. त्याची गॅलरी तेवढीच, झाड तेच. "अदलाबदल?" तो म्हणाला. "आठ वर्षं समुद्र मागतोय. मी मागतो तेव्हा भरलेला असतो, ते देतात तेव्हा मला जमत नाही. आता मी हट्टानं इथंच येतो." कवळीवाल्यांच्या मनातला सल तिथं बराचसा निघाला. तळ्याला काही कुणी नवं घेतलंय आणि कुणी जुनं, हे कळत नव्हतं.

मुक्कामाच्या त्या दुसऱ्याच दिवशी दुपारी दारावर थाप पडली. कवळीवाल्यांनी दार उघडलं. समोर एक उंच, पांढऱ्या केसांची बाई, तिच्या मागे एक टक्कल, एक तरुण जोडपं, एक म्हातारी, दोन एकसारखी पोरं आणि सहा बॅगा.

"भाऊ कुठाय?" बाई म्हणाली.

क्रेनवाल्यांना आक्काला नको म्हणता येत नव्हतं, तसं 'मी या वर्षी जात नाही' हेही सांगता आलं नव्हतं. कवळीवाले दारातून बाजूला झाले, म्हणजे आणखी एक मिनिट गेलं असतं तर सातहीजण आत असते आणि कवळीवाले गॅलरीत.

पण मागून सिस्टर आल्या. त्यांनी बॅगा मोजल्या, माणसं मोजली, म्हातारीच्या पायांवरची सूज बघितली.

"आजींना आधी बसवा," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण त्या आवाजात छत्तीस वर्षांचा वॉर्ड होता. "ही खुर्ची घ्या. पाय वर. बाकीच्यांनी बॅगा बाहेरच ठेवा. तुमचे भाऊ ठणठणीत आहेत, घरी आहेत, या वर्षी खोली आम्हाला दिलीय. खोलीत दोघांचीच जागा आहे. वरच्या रस्त्याला पाहुण्यांसाठी खोल्या मिळतात, बसमधून येताना मी पाटी बघितली. हे तुमच्याबरोबर येतील. इथं भेटीची वेळ रोज चार ते सहा."

आक्कानं हातातली बॅग खाली ठेवली. तिला आयुष्यात कुणी भेटीची वेळ सांगितली नव्हती. टक्कलवाले यजमान मात्र हळूच म्हणाले, "म्हणजे आम्हाला पलंग मिळेल?"

"म्हणजे?" सिस्टर म्हणाल्या.

आणि मग आजींचे पाय स्टुलावर आणि बाकीचे उंबऱ्यावर टेकलेले असताना सगळं बाहेर आलं. आक्का दरवर्षी कुटुंबाला ओढून इथं आणत होती ती मौजेसाठी नाही. तिला वाटत होतं, आपला धाकटा भाऊ, बिचारा, जन्मभर त्या डब्यात एकटा बसला, निदान सुट्टीत तरी एकटा पडू नये. मुलगा रजा मोडत होता. सून जमिनीवर झोपून पाठ धरत होती. सुनेच्या आईला तर पाण्याजवळची हवाच सोसत नव्हती, पण एकटीला घरी कुठं ठेवायचं म्हणून ती आली होती.

"इतक्या वर्षांत एकदासुद्धा तो म्हणाला नाही की येऊ नका," आक्का म्हणाली.

"आणि तुम्ही एकदासुद्धा विचारलं नाही की येऊ का," सिस्टर म्हणाल्या, आणि चहाला पाणी ठेवलं.

कवळीवाले स्वागतकक्षातल्या फोनवरून क्रेनवाल्यांना सगळं सांगायला गेले. क्रेनवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग क्रेनवाले अगदी स्वच्छ शब्दांत म्हणाले, "'बिचारा' म्हणाली?"

"म्हणाली."

"मला?"

"तुम्हाला."

पलीकडे क्रेनवाले हसायला लागले ते थांबेनात.

खोल्या मिळाल्या. सातहीजण दुसऱ्या दिवशी चारला दोन मिनिटं कमी असताना आले आणि गॅलरीखाली थांबले, चारला वर आले. सहाला सिस्टरांनी नुसतं घड्याळाकडे बघितलं तरी उठले. त्या दोन तासांत काय गंमत येई. आक्का पत्त्यांत लबाडी करे आणि पकडली गेली की खोकू लागे. जुळ्यांचे पुढचे दात पडत आलेले होते आणि कवळीवाल्यांनी त्यांना वाळूत जबड्याचं चित्र काढून कुठला दात कधी येणार ते समजावलं. उरलेले बावीस तास तळं, पलंग आणि वाकून बघायची खिडकी. चौथ्या दिवशी दुपारी कवळीवाले पेपर तोंडावर घेऊन झोपले ते थेट चारला मंडळी आल्यावर उठले, आणि राहिलेली चौथी कवळी कुणाची होती हे त्यांना काही केल्या आठवेना.

परतीच्या बसमध्ये सिस्टर खिडकीशी बसल्या होत्या.

"मग?" कवळीवाले म्हणाले. "कंपनीकडून की त्यांच्याकडून?"

"कंपनीकडून नाही. ते संपलं," सिस्टर म्हणाल्या. "आणि त्यांच्याकडूनही अख्खा नको. त्या माणसाला आठवडा विकायचाच नाहीये हो. त्याला गॅलरीतून आत यायचं होतं, एवढंच. आपण अर्धा घेऊ. एक वर्ष आपलं, एक वर्ष त्यांचं."

"मी तुला दरवर्षी म्हणालो होतो."

"मग ज्या वर्षी तळं नसेल त्या वर्षी दुसरं काहीतरी बघा. आता पाटी लावायला शिकलाय तुम्ही."

क्रेनवाल्यांनी हे ऐकलं तेव्हा त्यांनी आधी खिडकीबाहेर बघितलं, मग शेजारून मागून आणलेल्या खुर्चीवर बसलेल्या सिस्टरांकडे, आणि म्हणाले, "मला हे सुचलंच नाही." पाव किमतीचा अर्धा, म्हणजे आकडा एवढासा झाला की कवळीवाल्यांना लाजच वाटली. शुल्क मात्र दरवर्षी निम्मं निम्मं, कुणीही गेलं तरी.

कंपनीच्या कचेरीतला माणूस म्हणाला की अर्ध्या आठवड्याच्या बदलीचा फॉर्म नसतो. लेक त्या दिवशी मुद्दाम रजा काढून बरोबर आली होती. तिनं करारनाम्याचं सतरावं पान उघडून 'सहधारकाचे नाव वाढवणे' या कलमावर बोट ठेवलं आणि बोट तसंच ठेवून बसली. माणूस आत जाऊन आला. फॉर्म होता.

बाहेर पडताना जिन्यात ती फटीच्या दातांची मुलगी भेटली. तिनं ओळखलं. "काकू, शेवटी घेतलंत?" सिस्टरांनी खरं ते सांगितलं. मुलीनं मागे वळून जिना रिकामा आहे ना ते बघितलं आणि म्हणाली, "माझ्या आईला असंच एखादं हवंय. असं कुणी ओळखीचं आहे का, काकू?" लेकीनं तिला आपला नंबर दिला.

पहिलं वर्ष क्रेनवाल्यांचं होतं, हे ओघानंच आलं. त्यांनी आक्काला स्वतः फोन करून तीन दिवसांचं आमंत्रण दिलं. तीनच, आणि वरच्या रस्त्याला खोल्या आधी ठरवून. आक्का म्हणे एवढी खूश झाली की तिनं पत्त्यांचा नवा जोड घेतला. ती मंडळी गुरुवारी गेली. शुक्रवारचा अख्खा दिवस क्रेनवाले गॅलरीत एकटे, शांत बसले.

शनिवारी सकाळी नऊला सिस्टर कवळीवाल्यांचा डबा घेऊन दवाखान्यामागच्या खोल्यांत आल्या होत्या, तोच त्यांचा फोन वाजला.

"ताई, गरम पाण्याचा नळ डावीकडे फिरवायचा की उजवीकडे?" क्रेनवाल्यांनी विचारलं.

"डावीकडे," सिस्टर म्हणाल्या. नऊ वर्षं त्या खोलीत जाणाऱ्या माणसाला नळ माहीत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

"बरं. आज पाणी फार छान दिसतंय. झाडाची ती फांदी तोडलीय त्यांनी. वाकावं लागत नाही."

"हो का."

"शेजारचे विमावाले पण गेले काल." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "तसं शांत आहे."

सिस्टरांनी फोनवर हात ठेवला आणि प्लास्टरनं पांढरे झालेले हात पुसत दारात उभ्या राहिलेल्या कवळीवाल्यांकडे पाहिलं. "अहो, दहाची बस मिळेल का?"

"दोन दिवसांचीच पाटी लावू ना?" कवळीवाले म्हणाले, आणि आत जाऊन खडू शोधायला लागले.